चौदा नंबरची चूक

नागपुरात महाल भागातल्या माझ्या दुकानाची पाटी मी तीनदा रंगवून घेतली. आधी तिच्यावर 'टाइपरायटर दुरुस्ती' होतं, मग त्याच्याखाली 'कॅलक्युलेटर' आलं, आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा सगळ्यांत वर 'संगणक'. पेंटरने ब्रश थांबवून विचारलं, "हे काय असते जी?" मी म्हणालो, "तू रंगव. लोक विचारतील तवा सांगीन मी."

मी पारशिवनीकडचा. मॅट्रिकनंतर शिकायची सोय नव्हती, म्हणून नागपुरात एका टाइपरायटरवाल्याच्या हाताखाली स्क्रू फिरवायला लागलो. पदवी नाही, सूट नाही, इंग्रजी पुस्तकातलं आणि डिक्शनरीतलं. आडनाव निखारे, आणि स्वभाव आडनावाला लाज आणणारा नाही. आमच्या शहरात संगणक कसे आले याची हकीकत सांगताना लोक मुंबईच्या कंपन्यांची नावं घेतात, विमानाने आलेल्या इंजिनिअरांची नावं घेतात. ते इंजिनिअर परत गेल्यावर यंत्र कोण चालतं ठेवायचं, हे कोणी विचारत नाही. आम्हाला ते 'लोकल माणूस' म्हणत. हा शब्द मला अजूनही चावतो, आणि हा लेख मी काही अंशी त्या रागातूनच लिहितो आहे. तेव्हा वाचकांनी माझं बोलणं थोडं निवडून घ्यावं.

काम काय करता, असं कोणी विचारलं की मी भांडाराचं उदाहरण देतो. कारखान्याच्या भांडारात नटबोल्टापासून मोटारीपर्यंत हजारो वस्तू असतात. कोणती वस्तू कोणत्या खणात, किती शिल्लक, कोणत्या विभागाने कधी नेली, हे पूर्वी जाड रजिस्टरांत लिहीत. तीच रजिस्टरं यंत्राच्या पोटात ठेवली की त्यांना डेटाबेस म्हणतात. ती उघडायला, लिहायला आणि मिटायला जो कारकून लागतो तो माणूस नसतो, विकत आणलेला सॉफ्टवेअरचा संच असतो. त्याला म्हणायचं पॅकेज. कारकून एकच असला की काम सरळ चालतं. एकाच टेबलावर दोन कारकून बसवले की एकमेकांची दौत सांडतात.

ज्या कारखान्यात ही दौत सांडली त्याचं नाव लिहीत नाही. तो हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता, एवढं पुरे. तिथले टाइपरायटर दुरुस्तीला माझ्याकडे असत. तिथे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं यंत्र आलं, त्याला चार पडदे आणि चार कीबोर्ड जोडले, आणि ज्याला ते शिकवलं होतं तो माणूस वर्षाच्या आत दुसरीकडे नोकरीला निघून गेला. मी भांडार अधिकारी ढोके साहेबांना म्हणालो, "वर्षभर टाइपरायटरची दुरुस्ती फुकट करून देतो. बदल्यात जेवणाच्या सुटीत मला त्या यंत्रापुढे बसू द्या." साहेबांना वाटलं, सौदा त्यांच्या फायद्याचा झाला. मला वाटलं, माझ्या. दोघंही खरे होतो.

दीड वर्षात मी भांडाराचा सगळा प्रोग्रॅम लिहून काढला. यंत्राबरोबर आलेलं जुनं पॅकेज खाली, माझा प्रोग्रॅम वर. खिडकीवर कामगार येऊन वस्तू मागे, आत सुमनताई मेश्राम कीबोर्डवर नोंद करत, आणि छापील पावती बाहेर येई. सुमनताई इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून येत. रोजंदारीवर होत्या, पण त्यांच्याइतका वेगाने आणि बिनचूक टाइप करणारा माणूस मी पाहिलेला नाही. टाइपरायटरवाल्याने हे म्हणावं म्हणजे काय ते समजा.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग वरच्या लोकांनी मुंबईच्या एका कंपनीचं नवं, मोठं पॅकेज विकत घेतलं. ते खरेदी, उत्पादन, सगळंच सांभाळणार होतं. ते बसवायला सबनीस नावाचा इंजिनिअर आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात निळी बॅग. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणतो. त्या वेळी म्हणालो नसतो.

त्याने नवं पॅकेज यंत्रात चढवलं आणि सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली: 'चूक क्रमांक चौदा', आणि पॅकेज बंद पडलं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्यापाठोपाठ माझा प्रोग्रॅमही ठप्प झाला. कळ दाबा, काही करा, पडदा मुका. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की माझा प्रोग्रॅम नीट चाले. नवं पॅकेज सुरू केलं, की पुन्हा चौदा, पुन्हा दोघंही आडवे. तीन दिवस हेच चाललं. खिडकीबाहेर बेअरिंगसाठी आलेले कामगार शिव्या देत उभे, आत आम्ही.

चौथ्या दिवशी सकाळी ढोके साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सबनीस आधीच बसलेला होता.

"निखारे," साहेब म्हणाले, "यांचं म्हणणं असं की तुमचं जुनं पॅकेज आणि हे नवं एका यंत्रावर नांदू शकत नाहीत. जुन्याचे तुकडे नव्याच्या पायात येतात. संध्याकाळी यांची गाडी आहे. पाच वाजता जुनं सगळं पुसायचं आणि नवं एकटं चालवायचं, असं मी ठरवलं आहे."

"पुसाचं? अन् माहा प्रोग्रॅम?"

"तोही."

रागावलो की माझं शुद्ध मराठी गळून पडतं. मी टेबलावर मूठ आपटली. साहेबांची पेनं उडाली. "दोन वर्सं तो प्रोग्रॅम तुमचं भांडार सांभाळून राहिला! एक पावती चुकली काय? सांगा, एक! अन् याचं नवं पॅकेज चार दिवसांत एक पावती नाई छापू शकलं, तरी पुसाचं माहं काहून?"

सबनीस शांतपणे म्हणाला, "आमचं पॅकेज मुंबईला दहा ठिकाणी चालू आहे. तुमचं फक्त इथे आहे. बिघाड लोकल आहे."

लोकल! मी खुर्ची मागे ढकलून उभाच राहिलो. पण धंद्यात राहून एक गोष्ट शिकलो होतो: आवाज चढवायचा तो समोरच्याला घाबरवायला, स्वतःचं डोकं मात्र त्या वेळी थंड ठेवायचं. मला दिसत होतं की पाच वाजेपर्यंत चूक सापडली नाही तर दीड वर्षाची माझी जेवणाची सुटी एक कळ दाबताच जाणार.

"चौदा नंबर म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते मॅन्युअलमध्ये आहे."

"मॅन्युअल दाखवा."

"ते कंपनीचं आहे. बाहेरच्यांना देता येत नाही."

"बरं. भांडारातल्या वस्तूंचे जुने कोड तुमाले नव्या पॅकेजमध्ये घ्याचे हायत ना? त्या कोडांचा अर्थ कोनाले माहीत हाय?"

सबनीसने ढोके साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे.

"माहीत हाय फक्त मले," मी म्हणालो. "लिहून ठेवलेले नाईत. दुपारपर्यंत मॅन्युअल माह्या टेबलावर, तर कोडाची यादी तुमच्या टेबलावर."

निळ्या बॅगेतून जाड पुस्तक निघालं. तो माझा त्या दिवसातला पहिला विजय.

पुस्तकात चौदाव्या चुकीचा अर्थ एका ओळीत होता: नोंदीला किल्ली नाही. किल्ली म्हणजे प्रत्येक नोंदीच्या आधी असणारा तिचा क्रमांक. क्रमांकाशिवाय नोंद म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. मग मी वस्तूंच्या हजारो नोंदी चाळायला घेतल्या. क्रमांक नसलेली एकही सापडली नाही. दुपारचे दोन वाजले. डबा तसाच राहिला. सबनीस येऊन म्हणाला, "पटलं का आता?" मी उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पण पुस्तकाने एक दुसरी गोष्ट सांगितली होती, आणि तिच्यामुळे अर्धं कोडं सुटलं. नवं पॅकेज सुरू होताना आधी एक छोटी यादी वाचत असे: कारखान्यातल्या विभागांची. वाचताना ती यादी इतर कोणी बदलू नये म्हणून तिला कुलूप लावत असे. वाचून झालं की कुलूप काढायचं. पण मध्येच चूक आली तर ते कुलूप तसंच टाकून बंद पडत असे. आणि सबनीसने आपले कष्ट वाचवायला ती यादी नव्याने केलीच नव्हती. माझ्या प्रोग्रॅमची जी विभागांची यादी होती, तिच्याकडेच त्याने आपल्या पॅकेजचं बोट धरून नेलं होतं. म्हणून नवं बंद पडताना माझ्या यादीला कुलूप लावून जात होतं, आणि माझा प्रोग्रॅम कुलपापुढे ताटकळत बसत होता.

म्हणजे माझा प्रोग्रॅम नव्याच्या पायात येत नव्हता. नवंच माझ्या घराला कुलूप लावून जात होतं! मी एकटाच जोरात हसलो. पण हे नुसतं ओरडून सांगून उपयोग नव्हता. नवं पॅकेज मुळात अडखळतं कशाला, हे सांगता यायला हवं होतं. नाहीतर पाच वाजता साहेब पुसणारच होते.

मी यादी पडद्यावर आणली. सबनीसलाही बोलावलं. दोघांनी वरून खालपर्यंत पाहिली. विभागाचा क्रमांक, विभागाचं नाव. सगळं ठीक. पुन्हा पाहिली. ठीक.

"सुमनताई," मी म्हणालो, "एक काम करा. ह्या यादीचा छापील कागद घ्या अन् वेगळ्या ठिकाणी पूर्ण यादी नव्यानं टाइप करा. अक्षर न् अक्षर तसंच."

"नक्कल करता येते ना यंत्रात? टाइप काहून करू?"

"नक्कल केली तर आतला रोगही नकलेत येईल. टाइप करा."

दहा मिनिटांत त्यांनी यादी टाइप केली. सबनीसने नव्या पॅकेजला जुनी यादी सोडून ही यादी दाखवली आणि कळ दाबली. आम्ही तिघं पडद्याकडे पाहत होतो. चौदा आलं नाही. पॅकेज उघडलं. रंगीत चौकट, वर कंपनीचं नाव, खाली सगळे विभाग.

सबनीसचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी सुमनताईंना विचारलं, "काय वेगळं केलं तुम्ही?"

"काहीच नाही जी. होतं तसंच टाइप केलं."

दोन्ही याद्यांचे कागद शेजारी ठेवले. ओळी मोजल्या. जुन्या यादीत बेचाळीस, नव्या यादीत एक्केचाळीस.

"एक विभाग गाळला तुम्ही," सबनीस म्हणाला.

"एकही नाही गाळला!" सुमनताई फणकारल्या. त्यांनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली आणि वरच्याच ओळीपाशी थांबल्या. "हे होय! हे कुठं विभाग हाय? हे वरचं श्री हाय. ते नाही टाइप केलं. आमच्या घरी नाही लिहीत आम्ही. हातच जात नाही."

जुन्या यादीच्या पहिल्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत ठसठशीत लिहिलेलं होतं: श्री. त्याच्याआधी क्रमांक नव्हता. किल्ली नसलेली नोंद ती हीच.

आता सांगतो, ते मी चार दिवसांत पन्नासदा पाहिलं होतं. सबनीसनेही पाहिलं होतं. तोही मराठीच. लग्नपत्रिका असो, वही असो की किराण्याची यादी, कागदाच्या डोक्यावरचं श्री आपण वाचतच नाही. ते तिथे असतं, जशी दाराला चौकट असते. ज्यांच्या घरच्या कागदांवर ते नव्हतं त्यांच्याच हातून ते गळलं, आणि गळलं म्हणून सापडलं.

मी उडी मारली. घड्याळात पावणेचार. म्हटलं, सुमनताईंचीच यादी जुन्याच्या जागी ठेवू, दोघंही चालतील, काम फत्ते. ठेवली. नवं पॅकेज चाललं. माझा प्रोग्रॅमही चालला. पाच मिनिटं मी राजा होतो.

मग खिडकीवरून आवाज आला, "ओ भाऊ! अवजार विभागाले कायले बंद केलं?" पावती छापताना यंत्र सांगत होतं की अवजार विभाग नावाचा विभागच या कारखान्यात नाही. यादीतला पहिला विभाग. बाकी चाळीस होते, पहिला तेवढा गायब.

मी खाली बसलो. कारण आता मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी ही यादी पहिल्यांदा यंत्रात भरली तेव्हा विभागांची नावं सांगायला जुने भांडारपाल बापूराव काळमेघ बसले होते. तीस वर्षं त्यांनी रजिस्टरं लिहिलेली. पहिलं नाव सांगायच्या आधी ते म्हणाले, "वर श्री लिव गा."

मी म्हणालो, "बापूराव, यंत्र हाय हे. त्याले श्री समजत नाही."

"त्याले नसंल समजत, मले समजते. श्रीबिगर यादी? मी नाही नावं सांगत, जा."

आमचं अर्धा तास भांडण झालं. नावं त्यांच्याच डोक्यात होती. शेवटी मी सौदा केला: एक ओळ तुमची, बाकीच्या माझ्या. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं की यादी वाचताना पहिली ओळ न बघता सोडून द्यायची. श्री असो की नसो, पहिली ओळ सोडायची. बापूराव निवृत्त झाले, मी विसरलो, प्रोग्रॅम विसरला नाही.

म्हणजे असा तिढा होता: श्री ठेवलं तर नवं पॅकेज पडतं, श्री काढलं तर माझा प्रोग्रॅम अवजार विभाग गिळतो. आणि या तिढ्याचा बाप मीच.

उपाय अवघड नव्हता. श्रीवाली जुनी यादी माझ्या प्रोग्रॅमला परत द्यायची, आणि नव्याला वेगळ्या जागी बिनश्रीची. पण दोन याद्या हाताने सांभाळल्या तर एकीत बदल होतो आणि दुसरीत राहून जातो, हे मी रजिस्टरांच्या काळापासून पाहिलेलं. म्हणून युनिक्सला एक छोटी आज्ञा लिहून दिली: रोज सकाळी यंत्र सुरू झालं की जुन्या यादीची पहिली ओळ वगळून बाकीची नक्कल करायची आणि ती नव्या पॅकेजच्या घरी नेऊन ठेवायची. बदल एकाच ठिकाणी, कुलूप आपापल्या दाराला. दोन्ही पॅकेजं सुरू केली. दोघांच्या पावत्या शेजारीशेजारी बाहेर आल्या. खिडकीवरच्या माणसाला बेअरिंग मिळालं आणि तो पहिल्यांदाच शिवी न देता गेला.

पण हे मी साहेबांना लगेच सांगितलं नाही. साडेचारला केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "उपाय सापडला. दोन्ही एकत्र चालतात. पण आधी कागदावर लिहा की जुना प्रोग्रॅम चालू राहील, आणि मला विचारल्याशिवाय कोणी पुसणार नाही."

"आधी दाखवा तरी!"

"दाखवल्यावर तुम्ही म्हणाल, एवढंच होतं? आधी सही."

साहेब चिडले, सबनीसने घड्याळ पाहिलं, मी हलता हललो नाही. सही झाली. कागद खिशात गेल्यावर मी सगळं सांगितलं. श्री, बापूराव, सोडलेली ओळ, माझी चूक लपवली नाही.

ढोके साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे खोट तुमचीच होती?"

"हो जी," मी म्हणालो. "अन् दुरुस्तीही माहीच."

आधी सबनीस हसला. मग साहेबही. सबनीसने पुढे अहवालात काय लिहिलं ते मला माहीत आहे: स्थानिक कारणाने झालेला बिघाड कंपनीच्या अभियंत्याने दूर केला. ते वाचून मी आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही. पण त्या क्षणी मात्र त्याने हात पुढे केला, आणि मी तो घेतला.

"कोणाच्या ध्यानात आलं हो हे श्री?" साहेबांनी विचारलं.

"माह्या," मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघून गेला. काचेपलीकडे सुमनताई टाइप करत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

सुटी झाल्यावर गेटबाहेर बसची वाट पाहत आम्ही दोघं उभे होतो. मी खूश होतो, बोलत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "श्री लिवाले लावलं बापूरावनं. ओळ सोडली तुम्ही. मले फक्त टाइप करता येते, नाही का निखारेभाऊ?"

"मंग तिथंच काहून नाही बोलल्या?"

"रोजंदारीवर हाय मी. तुमच्यासारखं साहेबाच्या टेबलावर मुठी आपटता येत नाही मले."

मी पाठ फिरवली आणि तरातरा परत आत गेलो. ढोके साहेब केबिनला कुलूप लावत होते.

"आता काय राहिलं?"

खिशातला कागद काढून मी त्यांच्यापुढे धरला. "कमी लिवला तुम्ही. चूक सुमन मेश्राम यांनी शोधली, असं लिवा. अन् उद्यापासून दोन्ही पॅकेजं चालवाचं काम त्यांच्याकडे, पक्क्या नेमणुकीवर, असंही लिवा."

"नेमणूक माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"शिफारस तर हाय ना हातात? मंग शिफारस लिवा!"

"निखारे, तुम्ही ओरडताय कशाला? मी ऐकतो आहे."

"मी ओरडून नाही राहिलो! मी असाच बोलतो!"

पुढे किती वेळ आणि काय काय बोललो ते आठवत नाही. वॉचमन येऊन बघून गेला. शेवटी साहेबांनी पुन्हा कुलूप काढलं, दिवा लावला, बसले, आणि लिहिलं. शिफारस वर गेली आणि पुढच्या वर्षी सुमनताई पक्क्या झाल्या. माझा प्रोग्रॅम आणि ते मुंबईचं पॅकेज त्या यंत्रावर पुढे कित्येक वर्षं शेजारी नांदले, आणि दोघांची नाडी सुमनताईंच्या हातात होती.

पण ते पुढचं झालं. त्या संध्याकाळी मी बाहेर आलो तोवर बस गेली होती. सुमनताई गेल्या नव्हत्या. मी कागद दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

"आज पयल्यांदा तुम्ही दुसऱ्यासाठी भांडले," त्या म्हणाल्या.

"तुमाले कसं माहीत भांडलो म्हणून? नुसता बोललो मी."

"हो जी. गेटपर्यंत ऐकू आलं."